गोळीही हवी, भाकरीही हवी

‘अंगात ताकद नाही, काही तरी ताकदीचं लिहून द्या.’ दवाखान्यात आलेली बाई ताप सांगते, खोकला सांगते, पाळीची तक्रार दबक्या आवाजात सांगते आणि उठता उठता हे वाक्य बोलते. मग तिला टॉनिकची बाटली लिहून दिली जाते. खाजगी दवाखाना असेल तर सलाईन लावले जाते. दोन-दोन दिवसांची मजुरी त्यात जाते. सलाईनच्या बाटलीत असते मीठपाणी, फार तर थोडी साखर. तेवढ्याच पैशांत तिच्यापुरती महिन्याची डाळ आणि शेंगदाणे आले असते. पण ‘काल रात्री तू काय जेवलीस? आणि कोणाकोणाचे झाल्यावर जेवलीस?’ हे तिला कोणी विचारत नाही. हा वैद्यकाचा प्रश्न नाही असे डॉक्टरांना वाटते, आणि घरातल्या गोष्टी बाहेर कशाला असे घरच्यांना वाटते.

२०२० मध्ये करोनाची साथ आली आणि ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा अवघड शब्द घरोघरी पोचला. काढ्यांच्या पुड्यांवर, चूर्णांच्या डब्यांवर, गोळ्यांच्या पाकिटांवर तो छापला गेला. जणू ही शक्ती बाजारात मिळते आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने ती चमच्याने घ्यायची! ही शक्ती शरीरात कशी तयार होते, तिला काय लागते आणि ते कोणाच्या वाट्याला किती येते, याची चर्चा मात्र झाली नाही. ती चर्चा आपण बायकांनी करायला हवी. त्यासाठी मी क्षयरोगाचे, म्हणजे आपल्या बोलीतल्या टीबीचे, उदाहरण घेते. आहार, प्रतिकारशक्ती आणि औषध या तिन्हींचा संबंध इतका उघड करणारा दुसरा रोग नाही. शिवाय जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी एक भारतात आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘चांगले खा, औषधाची गरज नाही’ असे सांगणारे आणि ‘गोळ्या दिल्या, आमचे काम संपले’ असे सांगणारे, दोघेही बाईचे नुकसान करतात. गोळी आणि भाकरी या दोन्हींवर तिचा हक्क आहे, आणि या दोन्ही गोष्टी तिच्या स्वतःच्या हातात पडायला हव्यात.

शरीर पहारा कसा देते?

क्षयाचा जंतू हवेतून येतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा तो हवेत पसरतो आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतो. ताट-वाटीतून, कपड्यांतून, एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. जंतू फुप्फुसात शिरला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. पण हा जंतू चिवट. गिळलेल्या पेशीतही तो जिवंत राहतो. मग शरीरातल्या लसिकाग्रंथींपर्यंत निरोप जातो, तेथून टी-पेशी येतात, भक्षक पेशींना बळ देतात आणि सगळ्या मिळून जंतूभोवती गाठीसारखे कुंपण घालतात. जंतू मरतोच असे नाही, तो कोंडला जातो.

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांना या जंतूची लागण झालेली आहे, असा अंदाज आहे. पण लागण झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हा तरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्या नव्वदांच्या शरीरात पहारा चालू असतो, त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पहारेकऱ्यांना शिधा लागतो. या पेशी, त्यांनी एकमेकींना पाठवलेले निरोप, रक्तातली प्रतिपिंडे, हे सारे मुख्यतः प्रथिनांचे बनते. ती प्रथिने येतात डाळ, कडधान्ये, दूध, अंडी, मासे, मटण यांतून. त्याबरोबर जस्त, लोह, अ आणि ड जीवनसत्त्वे लागतात. दीर्घकाळ उपासमार झाली की शरीर पोटासाठी स्वतःचेच स्नायू जाळते. ज्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार होऊन मुरतात ती ग्रंथीच आकसते. पहारा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षे कोंडलेला जंतू कुंपण फोडून बाहेर येतो. एचआयव्हीची लागण, मधुमेह, तंबाखू, दारू, खडी फोडताना छातीत जाणारी दगडाची धूळ यांनीही हेच होते. पण आपल्या देशात क्षयाला वाट करून देणारे सर्वांत मोठे कारण कुपोषण आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्रतिकारशक्ती ‘जितकी जास्त तितकी चांगली’ अशी नसते. संधिवाताचा आमवात हा प्रकार, लूपस, अशा आजारांत शरीराची हीच यंत्रणा आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर हल्ला करते. हे आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतात. तेव्हा ज्याचे पोट रोज भरते त्याने वरून चूर्ण-काढा घेऊन ही शक्ती ‘वाढवण्या’त अर्थ नाही. आणि जिचे पोट भरत नाही तिला चूर्ण देऊन उपयोग नाही. तिला जेवण हवे.

लसीचे काय, असे कोणी विचारील. बीसीजीची लस १९२१ पासून वापरात आहे. लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या व सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते, म्हणून बाळाला ती टोचलीच पाहिजे. पण मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड मोठ्या चाचणीत ते दिसून आले. म्हणजे मोठ्या बाईसाठी आज तरी लसीची ढाल नाही. तिची ढाल तिच्या ताटात आहे.

ताटात काय उरते?

आता त्या ताटाकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के बायका रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. घर एक, चूल एक, धान्याचा डबा एक आणि रक्तातला फरक दुपटीहून अधिक. यातला काही भाग पाळीत जाणाऱ्या रक्ताचा आणि बाळंतपणांचा आहे. पण ज्या शरीरातून दर महिन्याला रक्त जाते त्याला जास्त जेवण मिळायला हवे ना? आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेले तिचे. कोरड्यास संपले तर चटणी-भाकरी. अंडी दोनच असतील तर ती कोणाला जातील हे सांगायला नको.

त्यात उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र. उपवासाच्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काहीच नसते. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा, पण नवऱ्याच्या आयुष्यासाठी आणि मुलाच्या परीक्षेसाठी पोट आवळायचे ते नेहमी बाईनेच का, हा प्रश्न आपण गेली कित्येक वर्षे विचारत आलो आहोत. त्याला आता आरोग्याचीही बाजू जोडायला हवी. क्षयाची औषधे चालू असलेल्या बाईने उपवास धरू नये, हे तिच्या सासूलाही बसवून सांगितले पाहिजे.

ताटाचे राजकारण घराबाहेरही चालते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. घरातली मोठी बाई शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून लागली, ही चळवळीच्या दृष्टीने मोठी गोष्ट. पण कायद्याने हक्काचे केले ते माणशी ५ किलो धान्य. डाळ आणि तेल त्या हक्कात नाही. पोट भरेल, पहारा कसा चालेल? २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि अनेक दलित व मुस्लिम घरांतले सर्वांत स्वस्त मांस नाहीसे झाले. ज्यांनी ते कधी खाल्लेच नव्हते त्यांनी ठरवले आणि जिच्या ताटातून ते गेले तिला कोणी विचारले नाही. अंगणवाडीत, शाळेत अंडे द्यावे की नाही यावरही तीच माणसे वाद घालतात, ज्यांच्या मुलांना त्या अंड्याची गरज नसते.

हे सांगताना एक वस्तुस्थिती झाकून ठेवायची नाही. क्षयाचे रुग्ण पुरुषांत जास्त आहेत. पाहणीत घरोघर जाऊन तपासले तेव्हाही तसेच दिसले. तंबाखू, दारू, धुळीची कामे, घराबाहेरचा वावर ही त्याची कारणे आहेत. तरीही हा बायकांचा प्रश्न आहे. रोगी पुरुषाला औषध-पाणी करणारी, रात्री त्याच कोंदट खोलीत उशाशी बसणारी आणि त्याला पुरावे म्हणून स्वतः कमी खाणारी बाईच असते. आणि तिला स्वतःला रोग झाला की तिचे काय होते? ‘किती दिवस खोकतेस? झोपताना हळद-दूध घे’ यात महिने जातात. निदान झालेच तर ताट-वाटी वेगळी होते, अंथरूण ओसरीवर येते, माहेरी धाडणी होते. लग्न ठरत असेल तर मोडते, म्हणून मुलीचे आईबाप औषध लपवून आणतात. क्षय गर्भनलिकांतही होतो. तेव्हा खोकला नसतो, ताप नसतो, फक्त दिवस राहत नाहीत. अशा कित्येकींना ‘वांझ’ म्हणून टाकले गेले असेल, याचा हिशेब कोणाकडे आहे?

तांदूळ आणि डाळ

खाण्याने क्षय टळतो का, याचे उत्तर आता अंदाजावर सोडलेले नाही. झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास केला. फुप्फुसाचा क्षय झालेले २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. रोग्यांना नेहमीच्या औषधांबरोबर दरमहा १० किलोचा शिधा मिळाला. घरच्यांचे दोन गट केले. एका गटाला माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटाचे जेवण नेहमीसारखेच राहिले.

ज्या घरांतल्या माणसांना शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. दुसऱ्यांना लागण करणारा फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवे यंत्र नाही, नवी लस नाही. तांदूळ आणि डाळ.

रोग्यांबद्दलचे निष्कर्षही असेच बोलके आहेत. निदान झाले तेव्हा पाचांतले चार रोगी कुपोषित होते, जवळपास निम्मे तर अतितीव्र कुपोषित. औषधे सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. चाळीस किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे दोन किलो. दोन किलो वजनावर तिचे जगणे-मरणे ठरू शकते. आपल्या वस्तीत औषधाच्या वेळी बाईचे वजन दर महिन्याला केले जाते का, आणि ते वाढले नाही तर कोणी काही करते का, हे विचारायला काय हरकत आहे?

या अभ्यासातून चळवळीने घ्यायचा मुद्दा हा की रोग्याच्या घरातली माणसेही तितकीच महत्त्वाची आहेत. शिधा फक्त रोग्याच्या नावाने आला आणि रोगी पुरुष असला, तर त्याची बायको तो शिजवील, वाढील आणि तळाचे खाईल. पुढच्या वर्षी तिचा नंबर लागेल. शिधा माणशी मिळाला, तिच्या नावाने मिळाला, तरच तिच्या पोटात जाण्याची शक्यता आहे.

पण औषधाला पर्याय नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. अन्नाचे इतके महत्त्व सांगितले की काही मंडळी लगेच म्हणतात, ‘मग या विषारी गोळ्या कशाला? सात्त्विक आहार घ्या, अमुक मुळी उगाळून घ्या.’ असल्या सल्ल्याने बायका मेल्या आहेत आणि मरत आहेत. रोग एकदा झाला की त्याला जंतू मारणारे औषधच लागते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण ठेवू. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या क्षयाने गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवला होता, पण त्याला मारणारे औषध कोणाकडेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू त्याआधी अनेक दशके कमी होत होते हे खरे. त्यात मजुरीचा, अन्नाचा, घरांचा, रोग्यांना वेगळे ठेवण्याचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ज्याला रोग झाला त्याचा मृत्यू खात्रीने टाळता आला, तो औषधांनीच.

औषधाची ताकद आपल्याच देशात सिद्ध झाली आहे. १९५६ पासून मद्रासमध्ये एक अभ्यास झाला. काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले: विश्रांती, मोकळी हवा, चांगले जेवण. बाकीचे आपापल्या गरीब वस्तीतल्या घरी राहिले. जेवण निकृष्ट, जागा दाटीची. औषधे दोघांना सारखीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. पैसेवाल्यांच्या सॅनेटोरियमवरचा रोग गरिबाच्या झोपडीत बरा करता येतो, हे जगाला या अभ्यासाने दाखवले. पण याच निष्कर्षाचा एक सोयीचा अर्थही लावला गेला. गोळ्या पुरतात ना, मग जेवणाची चिंता सरकारने कशाला करायची? पुढचे अर्धशतक क्षयाचा कार्यक्रम गोळ्यांभोवतीच फिरला. मद्रासने सांगितले की गोळ्या जंतू मारतात. झारखंडने सांगितले की भूक नवे रोगी तयार करते आणि अशक्तांना मरणाकडे ढकलते. दोन्ही खरे आहे.

आज साध्या क्षयावर चार औषधे दोन महिने आणि त्यांतली तीन पुढे चार महिने, रोज, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. हे सहा महिने बाईसाठी कसे असतात? रिफाम्पिसिनने लघवी तांबडी-नारिंगी होते. कोणी आधी सांगितले नाही तर तिला वाटते रक्त जाते आहे, आणि ती गोळ्या बंद करते. याच औषधाने पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हेही तिला सांगितले जात नाही. मग औषध चालू असताना दिवस राहतात आणि दोष तिच्यावरच येतो. या काळात तांबी किंवा निरोधसारखा दुसरा उपाय हवा. दिवस राहिलेच तर क्षयाची नेहमीची औषधे थांबवायची नसतात. डॉक्टरांना सांगून ती चालू ठेवायची, आणि बाळाला अंगावरही पाजता येते. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि पोटात अन्न नसताना मूठभर गोळ्या घेतल्या की मळमळते, ही तर रोजची तक्रार. पुन्हा आपण ताटापाशी येतो.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची गोष्ट आणखी कठीण. त्याच्यासाठी वर्षानुवर्षे कॅनामायसिनची इंजेक्शने दिली जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये अशाच उपचारात गेली. त्या गप्प बसल्या नाहीत. बेडाक्विलिन हे तोंडाने घेण्याचे नवे औषध आले होते, पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला त्यावरची मक्तेदारी आणखी लांबवायची होती. क्षयातून वाचताना आपलीही श्रवणशक्ती गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह नंदिता यांनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. दोन बायकांनी उभ्या जगातल्या रोग्यांसाठी औषधाची वाट मोकळी करायला हातभार लावला. औषध हा सुद्धा चळवळीचा विषय आहे, तो डॉक्टर आणि कंपन्यांवर सोडायचा नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, देशात क्षयाच्या साध्या औषधांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले. तेव्हा रिकाम्या हाताने परत गेलेल्या रोग्यांसाठी आपल्यापैकी किती जणी रस्त्यावर उतरल्या?

हजार रुपये कोणाच्या खात्यात?

सरकारला अन्नाचा मुद्दा पटलाच नाही असे म्हणता येणार नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार घेणाऱ्या प्रत्येक रोग्याला दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ आले: कोणी व्यक्ती, कंपनी, संस्था रोग्याला दत्तक घेते आणि शिधा देते. २०२४ मध्ये रोग्याच्या घरच्यांनाही यात सामावण्याचे जाहीर झाले. पाऊल योग्य दिशेने आहे. पण दोन प्रश्न आहेत.

पहिला, पैसे खात्यात जातात. खाते कोणाचे? बाईचे खाते असले तरी पासबुक, कार्ड आणि मोबाइल कोणाच्या खिशात? आधार, नाव, बँक यांचा मेळ बसेपर्यंत उपचाराचे निम्मे महिने निघून गेले तर त्या पैशांचे पोषण कधी व्हायचे? डाळीची पिशवी चुलीपर्यंत जाते, खात्यातले पैसे गुत्त्यापर्यंतही जाऊ शकतात. म्हणून रोख रकमेबरोबर धान्य-डाळ-तेल-अंडी असा शिधा हवाच.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत. मित्राने दिलेला शिधा हे दान आहे. मित्राचा उत्साह संपला, मार्चअखेर झाली, फोटो काढून झाले, की दान थांबते. जिच्या रोगाचे सर्वांत मोठे कारण भूक आहे तिला अन्न देणे हा उपचाराचा भाग आहे. गोळी दात्याच्या मर्जीवर ठेवली तर आपण ऐकून घेऊ का? मग डाळ का ठेवायची?

२०२५ पर्यंत देशातून क्षय हद्दपार करण्याचे २०१८ साली जाहीर झाले होते. घोषणेने क्षय जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत छातीची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. लक्षणांकडे दुर्लक्ष केले, हे त्यांतल्या बहुतेकांनी दिलेले कारण. जिची मजुरी बुडते, जिच्या मागे लेकरे आहेत, जिला खोकल्याची लाज वाटायला शिकवले आहे, तिचे ‘दुर्लक्ष’ काय असते ते आपल्याला ठाऊक आहे.

आपण काय करायचे?

मैत्रिणींनो, आरोग्य हा आपल्या संघटनांच्या कामात बहुधा बाळंतपण, पाळी आणि संततिनियमन इथवर येऊन थांबतो. त्यापुढे जायला हवे. गटाच्या बैठकीत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सायंकाळचा ताप, उतरत जाणारे वजन असलेली बाई दिसली तर तिच्याबरोबर कोणी तरी बेडक्याच्या तपासणीला जायचे. एकटी पाठवायची नाही. ज्या घरात रोगी आहे तिथल्या इतरांची तपासणी आणि रोग टाळण्यासाठीचे औषध हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे, तो मागून घ्यायचा. ताट वेगळे करणाऱ्या घरात जाऊन त्या बाईच्या शेजारी बसून जेवायचे. शंभर भाषणांपेक्षा त्याने जास्त कळते. बचतगटात नाचणी, हरभरा, शेंगदाणे, सुकट, अंडी एकत्र घाऊक घेतली तर टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशांत काय येते, हे मांडून दाखवायचे.

आणि सरकारकडे मागायचे. शिधापत्रिकेवर डाळ आणि तेल कायद्याने द्या. क्षयरोग्याच्या घरातल्या प्रत्येक माणसाला उपचाराच्या काळात माणशी शिधा द्या, आणि तो दात्यावर अवलंबून ठेवू नका. औषधांचा साठा किती आहे हे प्रत्येक आरोग्य केंद्रात फळ्यावर लिहा. बाईला औषधे देताना तांबड्या लघवीपासून पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांपर्यंत सारे तिच्या भाषेत सांगा, आणि हे काम ज्या आशाताईंकडून करून घेता त्यांना पुरे वेतन द्या.

या मागण्या मोर्चाने मिळतील. पण एक मागणी अशी आहे जी आपल्याला घरातच मांडावी लागेल आणि तिथे निवेदन चालणार नाही. आज रात्री ताटे मांडाल तेव्हा स्वतःचेही ताट त्याच पंगतीत मांडा. पातेले रिकामे व्हायच्या आधी आपले वाढून घ्या. सुरुवातीला घरात कुरबुर होईल. होऊ द्या.